वजन, घड्याळ आणि तापीचा ओघ

(डॉ. जयंत नारळीकर यांच्या स्मरणार्थ सचिन, जि. सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आजचं व्याख्यान डॉ. जयंत नारळीकरांच्या स्मरणार्थ आहे. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले. त्यांचं नाव निघालं की केंब्रिज, फ्रेड हॉईल, आयुका या गोष्टी ओघानं येतात. मला मात्र आज एका कथास्पर्धेपासून सुरुवात करावीशी वाटते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं एक कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. आद्याक्षरं उलटी लावून पाहा: जयंत विष्णु नारळीकर. आपलं खरं नाव पाहून परीक्षकांवर दडपण येऊ नये, म्हणून त्यांनी हे टोपणनाव घेतलं होतं. त्या कथेचं नाव ‘कृष्णविवर’.

त्याच १९७४ साली स्टीफन हॉकिंग आणि किप थॉर्न यांनी एक पैज लावली होती. हंस तारकासमूहातला क्ष-किरणांचा एक तेजस्वी स्रोत खरोखर कृष्णविवर आहे की नाही, यावर ती पैज होती. जगातले मोठे शास्त्रज्ञ कृष्णविवराच्या अस्तित्वाविषयी अजून पैजा लावत होते, तेव्हा मराठी वाचक ते घरबसल्या कथेत वाचत होता. नारळीकरांनी आपल्यावर टाकलेला हा विश्वास आहे. अवघड गोष्ट मराठीत सांगता येते आणि मराठी माणसाला ती कळते, असं ते आयुष्यभर धरून चालले. आज मीही तेच धरून चालणार आहे. गणित बाजूला ठेवीन, पण गणित जे सांगतं ते पातळ करणार नाही.

इथे बसलेल्या बहुतेकांचा दिवस कापडात जातो, म्हणून कापडापासून सुरू करू. गुरुत्वाकर्षण समजवायला जगभर एकच चित्र दाखवतात. चौकटीवर लवचीक कापड ताणायचं, मधे जड गोळा ठेवायचा. कापडाला झोळ येतो. कडेनं गोटी सोडली की ती गोल फिरत गोळ्याकडे जाते. सूर्याभोवती पृथ्वी अशी फिरते, अवकाश असा वाकतो, असं सांगून शिक्षक पुढच्या धड्याकडे वळतात.

ज्यानं लूमवर ताका उतरताना पाहिला आहे, त्यानं या कापडाला दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. गोटी झोळात का उतरते? खालून पृथ्वी तिला ओढते म्हणून. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजवायला आपण गुपचूप गुरुत्वाकर्षणच वापरलं. हेच कापड अंतराळयानात ताणा, गोटी जागची हलणार नाही. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. या कापडावर लांबी आहे, रुंदी आहे. वेळ कुठे आहे? आइन्स्टाइनच्या सिद्धांतात वाकतो तो नुसता अवकाश नाही, अवकाश आणि काळ एकत्र वाकतात. आणि आपल्या रोजच्या अनुभवात, म्हणजे हातातून सुटलेली वाटी, खांद्यावरचं गाठोडं, उडवलेला चेंडू, यांत जवळजवळ सगळं काम काळाचं वाकणं करतं. अवकाशाच्या वाकण्याचा वाटा त्यात नगण्य असतो. कापडाचं चित्र नेमका मुख्य कारागीर वगळून कारखाना दाखवतं.

प्रकाशासारखी अतिवेगवान गोष्ट असेल तरच दोन्ही वाटे सारखे होतात. १९११ मध्ये आइन्स्टाइनने सूर्याजवळून जाणारा प्रकाश किती वळेल याचा हिशोब फक्त काळाचा वाटा धरून केला होता, आणि उत्तर निम्मं आलं होतं. १९१५ मध्ये अवकाशाचा वाटा मिळवल्यावर ते दुप्पट झालं, आणि १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणातल्या निरीक्षणांनी या दुप्पट उत्तराला दुजोरा दिला.

तर मग काळापासून सुरू करू. १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत काम करणाऱ्या आइन्स्टाइनच्या मनात आलं की घराच्या छपरावरून पडणाऱ्या माणसाला, पडत असेपर्यंत, स्वतःचं वजन जाणवणार नाही. आपण ज्याला वजन म्हणतो ती पृथ्वीची ओढ आहे असं आपल्याला वाटतं. पण तुम्हाला या क्षणी जे जाणवतंय ते खुर्ची तुम्हाला खालून वर रेटते आहे, हे आहे. खुर्ची काढून घेतली, जमीन काढून घेतली, की वजन गेलं. पडणारा माणूस मोकळा असतो, उभा असलेला अडवलेला असतो. खांद्यावर ग्रे कापडाचं गाठोडं घेऊन जिना चढणाऱ्याला जो भार वाटतो तो त्या गाठोड्याला त्याच्या नैसर्गिक वाटेवरून सतत हटवत राहण्याचा भार आहे.

ही नैसर्गिक वाट कोणती? इथे घड्याळ येतं. तळमजल्यावरचं घड्याळ पहिल्या मजल्यावरच्या घड्याळापेक्षा किंचित मंद चालतं. हे बिघाडामुळे होत नाही. तिथला काळच मंद असतो. लूमही, हृदयाचे ठोकेही त्याच प्रमाणात मंद. तीन मीटरच्या फरकाला वर्षभरात साठणारा फरक म्हणजे सेकंदाचे दहा कोटी भाग केले तर त्यातला साधारण एक भाग. १९५९-६० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात पाउंड आणि रेबका यांनी हा परिणाम मोजला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये दोन अणुघड्याळांपैकी एक फक्त ३३ सेंटिमीटर वर उचलून तो पुन्हा मोजला गेला. ३३ सेंटिमीटर म्हणजे जिन्याच्या दोन पायऱ्या.

इतका बारीक फरक आपल्याला काय करायचा, असं कुणी म्हणेल. तुमच्या खिशातला फोन उपग्रहांच्या घड्याळांवरून तुमची जागा काढतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर असतात. उंचीमुळे त्यांची घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरले ३८. हा हिशोब यंत्रणेत धरला नसता तर दर दिवशी सुमारे अकरा किलोमीटरची चूक साठत गेली असती, आणि माल भरून निघालेला टेम्पो भलत्याच गावी पोचला असता.

आता एक दगड सरळ वर उडवा. समजा तो बरोबर दोन सेकंदांनी हातात परत आला. या दोन सेकंदांत तो जवळजवळ पाच मीटर वर जाऊन येतो. हातातच का राहत नाही, पन्नास मीटर का जात नाही? वर काळ भरभर चालतो, म्हणून वर जाण्यात दगडाच्या स्वतःच्या घड्याळाला फायदा आहे. पण फार वर जाऊन दोनच सेकंदांत परत यायचं तर खूप वेगानं जावं लागेल, आणि वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ मंदावतं, त्यात तोटा आहे. फायदा-तोट्याचा मेळ घालून ज्या वाटेवर दगडाच्या पदरात सर्वांत जास्त वेळ पडतो, ती नेमकी हीच, जवळजवळ पाच मीटर वर जाऊन येणारी वाट असते. कुणी ओढत नाही, कुणी ढकलत नाही. मोकळी वस्तू आपल्या वाट्याला जास्तीत जास्त वेळ येईल अशी चालते. भौतिकशास्त्रात याहून सुंदर विधान मला माहीत नाही, आणि ते शाळेत सांगितलं जात नाही याची मला मनापासून खंत वाटते.

मग ओढ अशी काही नसतेच का? असते, आणि ती पाहायला इथून डुमसच्या किनाऱ्यापर्यंत जायचं. भरतीचं पाणी तापीच्या मुखातून शिरतं आणि रांदेर-सिंगणपोरच्या बंधाऱ्यापर्यंत चढतं. खंबातच्या आखाताची भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे. भरती चंद्रामुळे येते हे सगळे जाणतात. पण सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोरानं धरून आहे. मग भरती आणण्यात त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी का? कारण भरतीला एकूण जोर लागत नाही, जोरातला फरक लागतो. चंद्र जवळ आहे, म्हणून पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूवरचा त्याचा परिणाम बराच वेगळा असतो. सूर्य लांब आहे, त्याला दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच. पृथ्वी आख्खीच्या आख्खी मोकळी पडत असते, त्यामुळे समान भाग कुणालाच जाणवत नाही. उरतो तो फरक. पडणाऱ्या माणसालाही न पुसता येणारं गुरुत्वाकर्षण एवढंच आहे, आणि ते दिवसातून दोनदा डुमसच्या वाळूवर येतं.

भरतीचा हा हिशोब हाती असला की कृष्णविवराजवळ काय होईल ते सांगता येतं. दहा सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असेल तर त्याच्या सीमेची, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही त्या जागेची, त्रिज्या सुमारे तीस किलोमीटर. तिथे पाय पुढे करून पडणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचा आणि पायावरचा फरक पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या कोटीपटीहून जास्त होतो. सीमेपर्यंत पोचण्याआधीच तो ताणून तुटेल. पण आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी असलेलं, सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर घ्या. त्याच्या सीमेवर तोच फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास येतो. माणसाला काहीही कळणार नाही. कृष्णविवर जितकं मोठं तितका त्याचा उंबरठा सौम्य.

आता कृष्णविवराचा आकार. पृथ्वी सगळीकडून दाबत दाबत नऊ मिलिमीटर त्रिज्येची, म्हणजे एका बोराएवढी केली, तर ती कृष्णविवर होईल. सूर्याला तीन किलोमीटर त्रिज्येत बसवावं लागेल. एक गैरसमज लगेच दूर करतो. कृष्णविवर आजूबाजूचं सगळं शोषून घेत नाही. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आलं तर अंधार होईल, थंडी पडेल, पण पृथ्वीचं वर्ष ३६५ दिवसांचंच राहील. विशेष काही घडतं ते फक्त अगदी जवळ.

ते जवळचं घडणं सांगण्यासाठी कापड टाकून मी तापी घेतो. आपल्यापैकी कितीतरी जण तापीच्या काठानं इथे आले: भुसावळकडून, शिरपूर-नंदुरबारकडून, प्रकाशा गावाहून. ही कल्पना माझी नाही. १९२१ मध्ये फ्रान्सच्या पेंलेव्हे यांनी आणि १९२२ मध्ये स्वीडनच्या गुलस्ट्रँड यांनी स्वतंत्रपणे एक गणिती मांडणी शोधली. पहिले गणिती, जे फ्रान्सचे पंतप्रधानही झाले. दुसरे नेत्रवैद्य, ज्यांना १९११ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. दोघेही आइन्स्टाइनच्या सिद्धांताबद्दल साशंक होते, तरी त्यांची मांडणी आजही तितकीच खरी आहे. त्या मांडणीत अवकाश स्वतः नदीसारखा कृष्णविवराकडे वाहतो असं पाहता येतं.

खरी तापी मुखाशी मंदावते. आपली कल्पनेतली तापी उलट आहे: भुसावळला संथ, उकाईपाशी वेगवान, सुरतेला आणखी वेगवान. तिच्यात मासे आहेत, आणि सर्वांत चपळ माशालाही एका ठरावीक वेगापलीकडे पोहता येत नाही. हा मासा म्हणजे प्रकाश. भुसावळला तो प्रवाहाविरुद्ध सहज जातो, उकाईला कष्टानं. एका जागी ओघाचा वेग आणि त्याचा पोहण्याचा वेग सारखा होतो; तिथे तो कितीही पोहला तरी काठाच्या मानानं जागच्या जागी राहतो. त्या जागेच्या खाली त्याचं तोंड भुसावळकडे असलं तरी तो समुद्राकडेच जातो. हीच कृष्णविवराची सीमा, जिला शास्त्रज्ञ घटना-क्षितिज म्हणतात. तिथे भिंत नाही, पाटी नाही, पाण्याचा रंग बदलत नाही. ओघाबरोबर वाहणाऱ्याला आपण ती केव्हा ओलांडली हे समजत नाही.

या नदीत घड्याळही सापडतं. कुणी एक जण ओघाबरोबर वाहत जाताना दर मिनिटाला एक मासा भुसावळच्या दिशेनं सोडतो. सुरुवातीचे मासे मिनिटा-मिनिटाच्या अंतरानं पोचतात. सीमेजवळून सोडलेल्या माशाला इंच-इंच पुढे सरकत बाहेर यायला फार वेळ लागतो. भुसावळच्या घाटावर बसलेल्याला वाटतं, खाली गेलेल्याचं मिनिट लांबत चाललंय: दोन मासे तासाच्या अंतरानं, मग दिवसाच्या, मग वर्षाच्या. सीमेवर सोडलेला मासा कधीच येत नाही. वाहणाऱ्याच्या मनगटावर मात्र मिनिटं ठरल्याप्रमाणेच पडत असतात. तळमजला आणि पहिला मजला यांच्यातला सेकंदाच्या दहा कोटी भागांतला एक, तो वाढत वाढत जिथे अमर्याद होतो, तिथे कृष्णविवराची सीमा आहे. आपल्या घराचा जिना आणि ती सीमा यांत जातीचा फरक नाही, प्रमाणाचा आहे. आज तुम्हाला एवढंच पटलं तरी मला इथे आल्याचं समाधान आहे.

ही नदीची उपमाही एका ठिकाणी फाटते, ते सांगायलाच हवं. अवकाश म्हणजे पाण्यासारखा पदार्थ नाही; त्याला काठ नाही, तो साठत नाही. फिरणाऱ्या कृष्णविवराला ओघाबरोबर भोवराही जोडावा लागतो आणि चित्र फार गुंतागुंतीचं होतं. पण उपमा फाटते तिथेच खरा प्रश्न दिसतो. तापी अरबी समुद्राला मिळते. अवकाशाचा हा ओघ जातो कुठे?

या प्रश्नाशी आपल्या माणसांचं नातं जुनं आहे. जयंतरावांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर मूळचे कोल्हापूरचे, बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. १९४२ मध्ये, ‘चले जाव’च्या धामधुमीत, जुनागढ जिल्ह्यातल्या शाहपूरचे प्रल्हाद चुनीलाल वैद्य त्यांच्याकडे शिकायला गेले. मराठी गुरू, गुजराती शिष्य. जयंत तेव्हा चार वर्षांचे. आइन्स्टाइनच्या समीकरणांचं श्वार्ट्सशिल्डने १९१६ मध्ये दिलेलं उत्तर बाहेर काहीच नसलेल्या ताऱ्यासाठी होतं. खरा तारा प्रकाश सांडत असतो, त्याचं वस्तुमान घटत असतं. अशा ताऱ्याभोवतीचं गुरुत्वाकर्षण वैद्यांनी मांडलं आणि ते १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं. आज कृष्णविवर वाढताना किंवा झिजताना अभ्यासायचं तर जगभर ‘वैद्य मेट्रिक’, म्हणजे त्यांची हीच मांडणी, हाताशी घेतात. इथल्या गुजराती शेजाऱ्यांना हे नक्की सांगा. वैद्यांचं नाव त्यांच्या मुलांना माहीत असायला हवं.

ओघ कुठे जातो, याला आइन्स्टाइनच्या समीकरणांचं उत्तर कठोर आहे. कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरींचं १९५५ चं समीकरण पायाला घेऊन रॉजर पेनरोझ यांनी १९६५ मध्ये दाखवलं की सीमेच्या आत गेल्यावर सिद्धांत अशा जागी पोचतो जिथे तो स्वतःच थांबतो. या कामासाठी पेनरोझना २०२० चं नोबेल मिळालं. सिद्धांत थांबला तरी निसर्ग थांबतो असं नाही. तिथून पुढे जाण्यासाठी ज्यांनी आयुष्य घातलं त्यांपैकी एक अभय अष्टेकर. जन्म १९४९, शिरपूर, जिल्हा धुळे. सभागृहात शिरपूर तालुक्यातले किती लोक आहेत हे हात वर करायला न सांगताही मला माहीत आहे. १९८६ मध्ये अष्टेकरांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत लिहिली, आणि त्यातून अवकाशाचेही कण असतात असं मानणारा पुंज गुरुत्वाचा एक संप्रदाय उभा राहिला. २०१८ मध्ये ओल्मेदो आणि परमप्रीत सिंह यांच्यासह त्यांनी असा हिशोब मांडला की ओघ शेवटी थांबत नाही. वक्रता एका कमाल मर्यादेला पोचते आणि पलीकडे तो बाहेर पडू लागतो. प्रयोगाचा पुरावा अजून नाही आणि सगळ्यांना हे मान्यही नाही. बाहेर फेकणाऱ्या अशा विवराचा, म्हणजे श्वेतविवराचा, वेगळ्या वाटेनं विचार करणारा एक निबंध नारळीकर, अप्पाराव आणि नरेश दधीच यांनी ‘नेचर’मध्ये लिहिला होता. साल पुन्हा १९७४.

नारळीकर महास्फोटाच्या सिद्धांताला अखेरपर्यंत प्रश्न विचारत राहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला होते, आणि मीही त्याच बाजूला आहे. तरी निरीक्षण काय सांगतं यावर भांडा, मोठ्या नावावर नको, ही त्यांची वृत्ती मला आपल्या सगळ्यांसाठी फार मोलाची वाटते.

निरीक्षणाचंच बोलून थांबतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो शोधकांनी, म्हणजे लहरी टिपणाऱ्या यंत्रांनी, अवकाशाची एक थरथर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर, ३६ आणि २९ सूर्यांच्या वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली आणि ६२ चं एक झालं. उरलेल्या तीन सूर्यांचं वस्तुमान गुरुत्वीय लहरींच्या रूपात निघून गेलं. शोधकाच्या चार किलोमीटर लांबीच्या बाहूत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा होता. अशी थरथर गोंगाटातून वेगळी काढण्याच्या पद्धतींचा पाया घालणाऱ्यांत आयुकाचे संजीव धुरंधर होते.

तसाच तिसरा शोधक आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभा राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. त्याला चार-चार किलोमीटरचे दोन पोलादी बाहू लागतात, सव्वा मीटरच्या आसपास व्यासाचे, आणि त्यांच्या आत जवळजवळ संपूर्ण निर्वात. सुईच्या अग्राएवढीही गळती चालत नाही. हे काम गणित्यांचं आहे तितकंच वेल्डरचं, फिटरचं, निर्वात पंप सांभाळणाऱ्याचं आहे, आणि ते कौशल्य इथल्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत रोज रातपाळीला राबतं. तिसरी जागा का हवी, तर एकच लहर वेगवेगळ्या ठिकाणी सेकंदाच्या काही हजारांश भागांच्या फरकानं पोचते. त्या फरकावरून ती आकाशाच्या कुठल्या बाजूनं आली ते काढता येतं, आणि औंढ्याचं घड्याळ अमेरिकेतल्या त्या दोन घड्याळांपासून जितकं दूर, तितकं उत्तर नेमकं.

आता प्रश्न विचारा. शाळेतल्या मुलांनी आधी.